लष्कराच्या भाकऱ्या

शनिवारी सात वाजता
रणभूमीच्या मागच्या फाटकाचं कुलूप मी उघडते.
किल्ली माझ्याकडे, कारण डेल्मरला उशीर होतो
आणि रेंजर टॅकेट एकटा, तो पुढचं फाटक बघतो.

काम बिनपगारी. बदल्यात एक हिरवा सदरा,
मला दोन मापं मोठा,
आणि डिसेंबरात चर्चच्या तळघरात एक जेवण.

भाऊ म्हणतो, घरचं गवत कमरेएवढं वाढलंय
आणि तू लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस.

भाजते तर. खरोखरच भाजते.
शाळेच्या सहली आल्या की पीठ, मीठ, पाणी,
खिळ्यानं पाडलेली भोकं,
आणि भट्टीतून निघते त्या शिपायांची बिस्किटं,
कौलासारखी.
पोरं दाढेखाली धरतात, हरतात, खिशात टाकतात.
एकीनं विचारलं, हे खाऊन ते मेले का?
मी म्हटलं, पुष्कळांना खायला वेळच मिळाला नाही.
बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं
की मी पुढची भोकं मोजू लागले.

दुपारी दगड.
मऊ ब्रश, नुसतं पाणी. साबण नाही.
खालून वर घासायचं, म्हणजे ओघळ उठत नाहीत.
शेवाळ निघतं. खाली आकडा.
एकशे बारा.
एकशे तेरा.
तेवढंच.

तीस वर्षं मी टेनेसीच्या या कच्च्या रस्त्यांवर टपाल वाटलं.
नाव वाचायचं, घर शोधायचं.
इथे घर सापडलेलं आहे,
नाव तेवढं राहिलं.
असं टपाल आम्ही उलट धाडायचो.
हे कुणाच्या दारात उलट धाडू?

मग फेब्रुवारीत वरून नकाशा आला.
पश्चिमेची झाडं काढायची.
त्या सकाळी तिथे झाडं नव्हती, मक्याचं शेत होतं.
तोफांना समोरची टेकडी दिसली पाहिजे.
लोकांना, टॅकेट म्हणाला. लोकांना दिसली पाहिजे.

काळे अक्रोड, साठेक वर्षांचे.
व्हेल्डा प्रुइट काठी टेकत म्हणाली,
त्यांनाच खाऊन वाढलीयत ही,
आता दुसऱ्यांदा पाडताय.
कुणी उत्तर दिलं नाही. करवत सुरू झाली.

चौथ्या खोडात करवत किंचाळली.
डेल्मरनं ती बंद केली, वाकला,
बोटांनी भुसा उकरला.
साखळी. दोन कड्या बाहेर, बाकीची लाकडानं गिळलेली,
गंज आणि साल एकजीव.

गोळी नव्हे, टॅकेट म्हणाला. शेतकऱ्यांच्या वेळची असेल.
वहीत काही लिहिलं नाही.
आमच्या वहीत दोनच दिवस मावतात,
बाकीच्या वर्षांना रकाना नाही.

लोनाचा झोका, डेल्मर म्हणाला.
लोना कोण, ते त्यानं सांगितलं नाही
आणि या गावात कुणी विचारणारही नव्हतं.
ही जमीन त्याच्या आजोबांकडून सरकारनं कितीला घेतली
हे सगळ्यांना पाठ आहे.

मग त्यानंच दोरी ओढून करवत चालू केली.
साखळीच्या वरून कापलं. नंतर खालून.
मधला ओंडका उचलून
आपल्या गाडीत ठेवला.
टॅकेट तेवढ्यात बुटाची नाडी बांधत होता.

आता तोफेमागे उभं राहिलं की टेकडी दिसते.
टेकडीपलीकडे पेट्रोल पंपाची लाल पाटी,
तीही त्या सकाळी नव्हती.
ती कापता येत नाही.

पुढच्या शनिवारी पावणेसातला
डेल्मर फाटकाशी उभा. हात खिशात.
मी कुलूप काढलं. काय बोलणार?
सदऱ्याच्या खिशात एक बिस्किट होतं, परवाचं.
त्यानं एक टोक धरलं, मी दुसरं.
ओढलं. तुटलं नाही.
शेवटी थर्मासच्या झाकणात कॉफी ओतली,
त्यात ते बुडवलं
आणि मऊ व्हायची वाट बघत
दोघं तोफेच्या चाकावर बसलो.